फ्रॉगबिट आणि वॉटर लेट्यूस सडतंय, डकवीड मात्र फोफावतंय, काय करू?

ठाण्याची_टाकी

नमस्कार मंडळी. माझा दोन फुटी टँक आहे, २४ बाय १२ बाय १२ इंची, म्हणजे साधारण ५५ लिटर. त्यात हनी गुरामीची जोडी, निऑन टेट्रा आणि थोडे कोरी असे मासे, खाली वॅलिस्नेरिया आणि क्रिप्ट ही झाडं लावलेत. नायट्रेट (माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात साठतं ते) सारखं चढतं म्हणून सगळ्यांनी फ्लोटिंग प्लांट्स, म्हणजे पाण्यावर तरंगणारी झाडं टाका सांगितलं, मग क्रॉफर्ड मार्केटमधून वॉटर लेट्यूस आणि अ‍ॅमेझॉन फ्रॉगबिट आणलं. आणलं तेव्हा लेट्यूसची पानं तळहाताएवढी होती, एकदम हिरवीगार, पण थोड्याच दिवसात कडा पिवळ्या पडल्या मग पानांच्या मधोमध पारदर्शक डाग आणि नंतर सगळं बुळबुळीत होऊन विरघळायला लागलं. परत आणलं, परत तेच. त्यांच्या मुळांत अडकून डकवीडचे (दाण्याएवढ्या पानांचं तरंगणारं झाड) चार दाणे आले होते ते मात्र एवढे वाढलेत की वरून पाणी दिसत नाही.

टँकला प्लॅस्टिकचं बंद टॉप आहे, एलईडी त्यातच, लाईट सकाळी ९ ला लावते आणि रात्री १० ला बंद. फिल्टर आतला पॉवर फिल्टर, त्याचं तोंड बरोबर पाण्याच्या पातळीवर. पाणी पालिकेचं, दर आठवड्याला थोडं काढून नवीन घालते, अँटी-क्लोरीन टाकून, आणि दुकानवाल्याने सांगितलंय म्हणून दर वेळी मूठभर खडे मीठ. नायट्रेट ४० च्या आसपास येतं.

आता मला सांगा ही झाडं का मरतायत, खत कमी पडतंय का, डकवीड ठेवू की काढू? आणि हल्ली सकाळी लाईट लावायच्या आधी मासे वर येऊन तोंड मारताना दिसतात त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?


पाणकणीस

ताई, डकवीड असं फोफावतंय म्हणजे पाण्यात खाणं भरपूर आहे आणि उजेडही पोचतोय, ४० नायट्रेट तर तेच सांगतंय. तेव्हा खताचा विचार आधी डोक्यातून काढा. मला तुमच्या टँकमध्ये दोन गोष्टी दिसतात, वरून येणारं पाणी आणि मीठ.

फ्रॉगबिट, लेट्यूस, साल्विनिया या झाडांची मुळं पाण्यात असतात पण पानाची वरची बाजू कोरडी लागते. फ्रॉगबिटची हवा घ्यायची छिद्रं पानाच्या वरच्या अंगाला असतात, लेट्यूसच्या पानावर जी मखमली लव असते ना ती पाणी टिकू नये म्हणूनच असते. आता बंद टॉपखाली काय होतं की एलईडीची ऊब, पाण्याची वाफ, ती वाफ झाकणाला लागून थेंब होतात आणि दिवसभर पानांवर टपटपत राहतात, आणि त्या थेंबाखाली तुम्ही म्हणता तसा पारदर्शक डाग पडतो आणि तिथूनच सड सुरू होते. त्यात फिल्टरचं तोंड पातळीवर, म्हणजे झाडं प्रवाहात गोल फिरत राहणार, धारेखाली बुडणार, उलटी होणार. डकवीडचं पान एवढं बारीक आणि चपटं की ते हलतं फिरतं पण बुडून राहत नाही, आणि थोडं मेलं तरी त्याच्या दुप्पट नवीन येतं, चांगल्या उजेडात दोन-तीन दिवसात ते दुप्पट होतं. म्हणून तुम्हाला एक मरताना आणि एक वाढताना दिसतंय.

टॉप काढून टाका असं मी म्हणणार नाही कारण गुरामी उडी मारतात. पण मागची बाजू दोन-तीन इंच उचलून ठेवा, किंवा टॉप बाजूला ठेवून मच्छरदाणीची जाळी ताणून लावा आणि लाईट वर थोडा उंच टांगा. हवा खेळली पाहिजे एवढंच. फिल्टरचं तोंड पातळीच्या इंचभर खाली घ्या आणि मागच्या काचेकडे वळवा, म्हणजे प्रवाह काचेवर आपटून पसरतो आणि वर नुसती हलकी लहर राहते.

मिठाचं सांगतो. पाणी उडून जातं पण मीठ उडत नाही, ते टँकमध्येच राहतं. तुम्ही थोडंच पाणी काढता आणि दर वेळी पूर्ण मूठ घालता म्हणजे ते साठतच गेलंय. ही सगळी गोड्या पाण्याची झाडं आहेत, लेट्यूस तर मिठाला फारच नाजूक, कडा पिवळ्या पडून करपतात त्या त्यानेच. आणि तुमच्या कोरींनाही मीठ सोसत नाही. आजारी मासा वेगळ्या डब्यात ठेवून मीठ द्यायचं असेल तर ती गोष्ट वेगळी, पण रोजच्या टँकला कायम मिठाची काहीच गरज नाही. बंद करा आणि पुढचे काही आठवडे वॉटर चेंज करताना नुसतं साधं पाणी घाला, हळूहळू उतरेल. एकदम सगळं पाणी बदलू नका, माशांना झटका बसतो. दुकानातलं निळं औषध (मेथिलीन ब्लू) पण या टँकमध्ये टाकू नका, झाडांना त्रास होतोच आणि फिल्टरमधले बॅक्टेरियाही मरतात.

अजून एक, आणलेली मोठी पानं थोडीफार जाणारच. ती झाडं बाहेर सिमेंटच्या हौदात उघड्या उन्हात वाढलेली असतात, आपल्या एलईडीखाली एवढं मोठं पान त्यांना पोसवत नाही. जुनी पानं सोडून ती मधल्या कोंबातून नवीन छोटी पानं काढतात, रुपयाएवढी वगैरे, आणि ती मग टिकतात. म्हणून झाड वाईट दिसलं तरी मधला कोंब हिरवा आणि कडक आहे का ते बघा, असेल तर बाहेरची पिवळी पानं खुडून टाका आणि कोंब ठेवा. सडकं पान पाण्यात राहू द्यायचं नाही, नाहीतर जे नायट्रोजन झाडाने ओढलं तेच अमोनिया होऊन परत पाण्यात येतं.


विदर्भातला_गप्पी

वरच्या भाऊंनी झाडांचं बरोबर सांगितलंय, मी माशांचं सांगतो, कारण माझ्या मते ताई तुमच्या टँकमध्ये ते जास्त गंभीर आहे.

आधी बघा कोण वर येतंय. गुरामी वर येऊन हवा घेणारच, त्याला हवेतला ऑक्सिजन घ्यायचा वेगळा अवयव असतो, तो त्याचा स्वभाव. कोरी पण मधेच बाणासारखा वर जाऊन हवा गिळून खाली येतो, तेही चालतं. पण टेट्रा जर पहाटे पाण्याच्या कातडीला तोंड लावून ओळीने उभे असतील आणि कल्ले जोरात चालत असतील तर तो ऑक्सिजनच कमी पडतोय.

कारण असं की झाडं उजेडात ऑक्सिजन देतात पण अंधारात आपल्यासारखीच श्वास घेतात. आणि फ्लोटिंग झाडाची आणखी एक गोष्ट, त्याचं पान हवेत असतं म्हणून त्याने बनवलेला ऑक्सिजन बराचसा हवेतच जातो, पाण्यात नाही. पाण्याला जो मिळायचा तो वरच्या पृष्ठभागातून, आणि तोच तुमच्याकडे डकवीडने पूर्ण झाकलाय. खाली वॅलिस्नेरियाला उजेड नाही म्हणून तीही काही देत नाही. रात्रभर मासे, झाडं, बॅक्टेरिया सगळे वापरतात आणि सकाळी लाईट लागायच्या आधी सगळ्यात कमी पातळी असते, तुम्ही बरोबर तीच वेळ सांगितलीत.

आमच्याकडे उन्हाळ्यात हे जिवावर बेततं. २५ अंशाला एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ ला ७ च्या आसपास, आणि गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. त्यात रात्री लाईट गेली, फिल्टर बंद, वर गच्च हिरवा थर, मग सकाळी काय बघायला मिळतं ते ज्याने बघितलंय त्याला माहीत. म्हणून आजच अर्धं तरी डकवीड काढा, कितीही सुंदर दिसत असलं तरी. मी कायम अर्धं पाणी उघडं ठेवतो आणि मे महिन्यात दोन तृतीयांश. एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा दगड) रात्री चालू ठेवा, बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो तो घरात असू द्या.

आणि लाईट १३ तास कशाला? ८ तास खूप झाले, टायमर लावून टाका.


मुळं_खालीच_बरी

माझं मत जरा वेगळं आहे. छोट्या टँकमध्ये फ्लोटर्स हवेतच कशाला? दर आठवड्याला काढत बसा, फिल्टरच्या तोंडात जाऊन अडकतं, माशांना खाणं टाकलं तर ते पानांवरच बसतं, खालची झाडं सावलीत मरतात. नायट्रेटच कमी करायचंय तर हॉर्नवर्ट टाका किंवा इंडियन फर्न नुसता तरंगत सोडा, दोन्ही झपाट्याने वाढतात, पानाची वरची बाजू ओली कोरडी असला काही नखरा नाही, आणि हॉर्नवर्ट पाण्याच्या आत असल्यामुळे ऑक्सिजन पाण्यातच देतं. आणि खाणं जरा कमी टाका, ५५ लिटरला ४० नायट्रेट म्हणजे खाणं जास्त होतंय किंवा पाणी कमी बदललं जातंय, झाडं हा त्याच्यावरचा उपाय नाही.


पाणकणीस

खाणं कमी करा हे शंभर टक्के मान्य. पण फ्लोटर्स नकोत हे पटत नाही. पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेच्या मानाने साधारण दहा हजार पट हळू पसरतो, त्यामुळे पाण्याखालच्या झाडाची वाढ तिथेच अडते, तरंगणाऱ्या झाडाला तो थेट हवेतून मिळतो म्हणून ते पाण्यातलं नायट्रोजन इतक्या जोरात ओढतं. हॉर्नवर्ट पण चांगलंच, पण ते नवीन टँकमध्ये गेल्यावर सुया गाळतं आणि त्या सुया फिल्टरमध्ये भरतात. शिवाय ताईंकडे गुरामी आहेत, गुरामीला डोक्यावर पानं असली की तो किती निवांत होतो ते बघाच, रंग खुलतो, नर पानाच्या आधाराने फेसाचं घरटं बांधतो. माझ्या मते निदान गुरामी, बेट्टा यांच्या टँकला तरी फ्लोटर्स हवेतच.


ठाण्याची_टाकी

बापरे एवढं सगळं! खरंच आभार सगळ्यांचे. टेट्राच वर येतात, म्हणजे मग ऑक्सिजनच. आत्ताच एक मोठा वाडगा भरून डकवीड काढलं आणि फिल्टरचं तोंड वळवलं, मीठ बंद. पण डकवीड मला पूर्णच काढायचंय आणि नुसतं फ्रॉगबिट ठेवायचंय, ते जमतं का? जाळीने काढलं की अर्ध्या तासात परत पसरलेलं दिसतं. आणि आमच्या शेजारच्या काकांनी कृषी विज्ञान केंद्रातून अझोला आणून दिलाय, तो चालेल का त्याऐवजी?


कृष्णाकाठची

जमतं, पण चिकाटी लागते. जाळीने ते पाण्याखाली ढकललं जातं आणि परत वर येतं, जाळी नकोच. फिल्टर बंद करा, पाणी शांत होऊ द्या, मग प्लॅस्टिकचा मग किंचित तिरका धरून त्याची कड पातळीच्या जेमतेम खाली दाबा, वरचा थर आपोआप मगात ओढला जातो. मग भरला की बारीक गाळणीतून ओता, पाणी परत टँकमध्ये. असं कोपऱ्याकोपऱ्यात करायचं. फ्रॉगबिट आधी सगळं बाहेर काढून बादलीतल्या पाण्यात एकेक झाड उलटं सुलटं खंगाळायचं, कारण डकवीड मुळांच्या गुंत्यात आणि पानाखाली चिकटून बसतं. काचेच्या कडा आणि फिल्टरच्या मागची बाजू ओल्या फडक्याने पुसून घ्या, तिथे चिकटलेला एक दाणा पुरतो. मग एक दिवसाआड नुसती नजर टाकायची, जो दाणा दिसेल तो बोटाने उचलायचा, काही आठवडे तरी हे चालू ठेवावं लागतं.

फ्रॉगबिटसाठी रिंग करा. एअर पंपाची पाईप असते ना पातळ, ती हवी तेवढी लांब कापून दोन्ही टोकं कनेक्टरने जोडली की झाली रिंग, आत हवा असल्यामुळे तरंगते. सक्शन कपने काचेजवळ अडकवा. मी उलटं करते, झाडं रिंगच्या बाहेर आणि रिंगच्या आत मोकळं पाणी, तिथेच खाणं टाकायचं आणि वरून लाईटपण तिथूनच खाली क्रिप्टवर पडतो. फिल्टरसमोर एक वेगळी रिंग लावली की तिथे झाडं जातच नाहीत. आणि फिल्टर जिथून पाणी ओढतो तिथे स्पंजचा तुकडा लावा, मुळांचे तुकडे आत जात नाहीत.

अझोला टँकसाठी नका घेऊ. दिसतो गोड, पण त्याच्या पानात अ‍ॅनाबीना नावाचे सूक्ष्मजीव राहतात ते हवेतलं नायट्रोजन त्याला देतात, म्हणूनच तो गाईगुरांना आणि कोंबड्यांना खाद्य म्हणून आणि भातात खत म्हणून वापरतात. तुम्हाला पाण्यातलं नायट्रेट ओढणारं झाड पाहिजे, त्याला तर पाण्यातल्या नायट्रोजनची गरजच फारशी नाही. शिवाय टँकच्या उजेडात तो अचानक तपकिरी होऊन मरतो आणि सगळा चुरा फिल्टरमध्ये. काकांचा अझोला बाल्कनीत टबमध्ये ठेवा, पण त्यात दोन गप्पी सोडा नाहीतर डास.

खताचं पण सांगते कारण पुढे लागेल. आत्ता गरज नाही हे बरोबर. पण नायट्रेट उतरून ५-१० वर आलं आणि फ्रॉगबिट टँकभर झालं की वेगळ्या तक्रारी सुरू होतात. तुमच्याकडचं धरणाचं पाणी मऊ असतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम कमीच. जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली तर पोटॅशियम, जुनी पानं सरसकट पिवळी तर नायट्रोजनच कमी पडतंय, आणि कोंबातलं नवीन पानच फिकट पांढरट येत असेल तर लोह. तेव्हा अर्ध्या डोसने लिक्विड खत सुरू करा. ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी आहे त्यांना लोहाची कमतरता लवकर दिसते, कारण अशा पाण्याचा पीएच जास्त असतो आणि त्यात लोह असलं तरी झाडाला घेता येत नाही.

आणि नवीन झाडं आणली की थेट टँकमध्ये कधीच नाही. निदान दोन आठवडे वेगळ्या टबमध्ये, रोज बघायचं. गोगलगाईंची अंडी येतात ती एक वेळ चालतील, पण हौदातल्या झाडांतून चतुराची पिल्लं येतात, ती छोटे मासे आणि पिल्लं पकडून खातात.


पिंपरीकर_७

सगळं वाचलं, छान माहिती. एकच विचारतो, ताई ते वाडगाभर डकवीड कुठे टाकलंत?

विचारायचं कारण, आम्ही पवनेच्या काठावर राहतो. दर वर्षी थंडी संपत आली की नदी जलपर्णीने हिरवीगार होते, पाणी दिसतच नाही, वर क्रिकेट खेळता येईल असं वाटतं. इंद्रायणीत तेच, मुळा-मुठेत तेच. मशीन लावून काढतात, परत वाढते, कारण सांडपाण्यातून खाणं मिळतच राहतं. ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, फुलं सुंदर म्हणून लोकांनी जगभर नेली. साल्विनियाची मोठी जात ब्राझीलची, तिने केरळातली भातशेती आणि कालवे भरून टाकले होते, शेवटी १९८० च्या दशकात तिच्यावरच जगणारा एक छोटा भुंगा बाहेरून आणून सोडला तेव्हा ती आटोक्यात आली. आपलं फ्रॉगबिट पण दक्षिण अमेरिकेचंच आणि मूठभर झाडं तळ्यात पडली तर पुढे काय होईल ते कोणाच्याच हातात नाही.

तेव्हा मंडळी हात जोडून विनंती, जास्तीची झाडं नदीत, तळ्यात, विहिरीत, नाल्यात, कमोडमध्ये कुठेही टाकू नका. संडासात ओतलेलं डकवीड पण शेवटी नाल्यातच जातं. त्यांच्यात ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, गच्चीवर वर्तमानपत्रावर पसरा, कडक उन्हात एक-दोन दिवसात कुरकुरीत होतात, मग कुंडीत मातीखाली घाला, गुलाबाला आणि कढीपत्त्याला मस्त. पावसाळ्यात वाळत नाहीत तेव्हा सरळ कंपोस्टच्या डब्यात. गोल्डफिश असलेला कोणी मित्र असेल तर डकवीड त्याला द्या, गोल्डफिश आवडीने खातात. लेट्यूस मात्र कोणाला खायला घालू नका, अळूसारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात त्यात.


राईनकाठचा_मराठी

पिंपरीकर दादा, तुमच्या मुद्द्याला जोडून. मी जर्मनीत असतो, इथे जलपर्णी २०१६ पासून युरोपियन युनियनच्या बंदी यादीत आहे, विकायची नाही, पाळायची नाही. नंतर वॉटर लेट्यूसही त्या यादीत गेलं. म्हणून इथले लोक फ्रॉगबिट, साल्विनियाच्या छोट्या जाती आणि रेड रूट फ्लोटर ठेवतात. रेड रूट खूप सुंदर दिसतं पण लाल रंग यायला लाईट जोरदार आणि नायट्रेट कमी लागतं, तुमच्या ४० मध्ये ते हिरवंच राहील.


ठाण्याची_टाकी

पिंपरीकर दादा, वाडगा अजून ओट्यावरच आहे, उद्या गच्चीत पसरते. कृष्णाकाठची ताई, मगाची युक्ती करून बघितली, खरंच सगळा थर ओढला जातो.

एक शेवटचं. उरलेल्या फ्रॉगबिटचे कोंब हिरवे आहेत पण मुळं अर्धा-पाऊण इंचच राहिलीत, बाकीच्यांच्या फोटोत केवढी लांब असतात. गुरामी खात असतील का?


पाणकणीस

गुरामी चोचावतात थोडं, पण ते मुळांवरचे बारीक किडे आणि शेवाळ टिपत असतात, मूळ संपवत नाहीत. तुमची मुळं आधी मिठाने आणि प्रवाहाने तुटली असणार. पाण्यात खाणं भरपूर असलं की मुळं आखूड राहतात आणि कमी झालं की शोधत लांब वाढतात, तेव्हा सध्या लांब मुळांची अपेक्षा नको. नायट्रेट उतरत गेलं की वाढतील, आणि फार वाढून खालच्या क्रिप्टमध्ये गुंतायला लागली तर कात्रीने अर्धी कापली तरी झाडाला काही होत नाही. नवीन मुळाचं टोक पांढरं स्वच्छ दिसतंय का तेवढं बघत राहा, तपकिरी बुळबुळीत असेल तर परत इथे लिहा.